चौदावा टेक

१० मार्च १९९१, डोंबिवली
कोपरीहून पांडू मास्तर आले होते. ह्यांचा कुंगफूचा काळा झब्बा आणि बूट पिशवीतून आणले. झब्बा धुऊन, घडी घालून. ह्यांना जाऊन सहा आठवडे झाले. इतक्या लोकांसमोर रडले नाही आणि आज कापडी बुटांचे झिजलेले तळ बघून...

निवृत्त झालं की लोक भजनाला जातात, बाकावर बसून सरकारला शिव्या देतात. ह्यांनी शाओलिनच्या भिक्षूंवरची परदेशी कॅसेट पाहिली आणि एकोणसाठाव्या वर्षी दर रविवारी मास्तरांचा क्लास धरला. मी त्याला म्हातारचळ म्हणायची. तोंडावर.

जाताना मास्तर म्हणाले, "बाय, त्यांचा पिक्चर हाय ना. दीक्षितांनी डिसेंबरात काढलेला. बघून या एकदा."
मी विसरलेच होते. (विसरले होते असं लिहिते आहे.)

१७ मार्च
खोपट. एस.टी. डेपोसमोर दीक्षितांचं दुकान. पोटासाठी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग, हौसेसाठी शाओलिन आणि मास्तरांच्या क्लासवरचा माहितीपट. चहा मागवला, खुर्ची पुसून दिली, मग व्याख्यान. कॅमेरा एकच असतो, म्हणून तीच कवायत चौदा वेळा करून घ्यायची. एकदा नुसते पाय, एकदा हात, एकदा चेहरा. मग तुकडे जोडायचे, म्हणजे सगळं एका दमात झाल्यासारखं वाटतं. "चायनात पण असंच करतात, मॅडम." अस्तनीचा सपकारा असतो ना, तोसुद्धा अस्तनीचा नाही. दुसरंच कापड माइकसमोर झटकून तो वेगळा भरतात, नंतर चिकटवतात.

"बरं. आता ह्यांचं दाखवा."
दीक्षित टेबलावरच्या वायरी आवरायला लागले.
"सॉरी मॅडम. लग्नाचा सीझन होता, कोऱ्या कॅसेटी संपल्या. कोपरीतल्या एका लग्नाला तीच कॅसेट घेऊन गेलो. वरून शूट झालं."
"वरून म्हणजे?"
"म्हणजे... पुसलं गेलं."
"लग्नं दर वर्षी लागतात, दीक्षित. ह्यांना आता कुठून आणणार?"
"त्यांचं काम पाचच मिनिटं होतं. तिथे चायनाच्या कॅसेटमधला म्हातारा साधू लावलाय. कोणाला कळत पण नाही."
"मला कळेल."
चहा तसाच ठेवला. तेहतीस वर्षं शाळेत मुलींना सांगत आले, माफी मागताना आधी 'पण' गिळायला शिका. ह्या माणसाला कोणी शिकवलं नाही.

२ एप्रिल
कपाट आवरलं. पांढरी बंगाली साडी, हिरव्या काठाची. खळ अजून कडक आहे.

लिहून टाकते. डिसेंबरातला तो रविवार. साडी दोरीवर नाही, हेही घरात नाहीत. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पिशवीत घालून नेताना पाहिलं. तडक कोपरी. खाडीकडच्या मैदानात दीक्षित माइक धरून उभे होते, आणि हे माझी साडी दोन्ही हातांनी धरून झटकत होते! खळीच्या कापडाचा आवाज भिक्षूच्या अस्तनीसारखा येतो म्हणे. मी कडेलाच थांबले. ते झालं, साडी खुर्चीवर ठेवली, आणि कॅमेऱ्यापुढे ह्यांची कवायत सुरू झाली. चौदावी खेप. मी सरळ मध्ये घुसले.

"लाज नाही वाटत? हाडं मोडली की उचलायला तुमचे चिनी साधू यायचे नाहीत. मलाच यावं लागेल!"

क्लासची मुलं हसली. हे हात वर तसाच ठेवून थांबले. मी साडी उचलली आणि निघाले.

उचलायला मी नव्हतेच. २७ जानेवारीला हे कोसळले तेव्हा मी मंडईत होते. वहिनींच्या मुलांनी उचललं.

१४ एप्रिल
कोपरीच्या शाळेच्या हॉलमध्ये माहितीपट दाखवला. जाणार नव्हते. मास्तर रिक्षा घेऊन दारात आले. पहिल्या रांगेत नगरसेवक, हार, नारळ. पडद्यावर मास्तर, मुलं, मग धुकं, देवळाच्या पायऱ्या आणि तो म्हातारा साधू. चांगला होता बिचारा, त्याच्यावर काय राग धरणार! त्याने हात फिरवला. सप्प.

माझी साडी.

मास्तर हळूच म्हणाले, "आवाजाची टेप वायली होती, बाय. ती ऱ्हायली." सात वेळा आला तो आवाज. साधू चीनमधला, झटका ह्यांच्या मनगटाचा. दिवे लागले तरी उठवेना.

२१ एप्रिल
मास्तर पुन्हा आले. पाणी पिऊन सांगू लागले. ह्यांच्यावरून शूट झालेलं ते लग्न त्यांच्याच आळीतलं. घरच्यांनी काटछाट नको म्हटलं, म्हणून दीक्षितांनी शूट केलेलीच कॅसेट देऊन टाकली. पाठवणीनंतर पट्टी थोडी उरली आहे. तिच्यावर जुनं तसंच आहे.

"काय आहे?"
"दादा हायेत. हात फिरवतात. मग..."
"मग एक बाई ओरडत येते."
"हां."
"लोक काय म्हणतात?"
"हसतात. पोरं तेवढंच परत परत लावतात. इचारतात, ही बाय कोण."
"तुम्ही काय सांगितलंत?"
"बोललो, म्हायीत नाय."

तेरा खेपा पुसल्या गेल्या. उरली ती माझी.

२८ एप्रिल, दुपार
नवरीच्या आईने चार वाजता बोलावलं आहे. व्हीसीआर भाड्याने आणलाय, संध्याकाळी परत द्यायचा. ती बाई मीच, हे तिला माहीत नाही. मी दारात उभी राहिले की कळेल, मास्तरांनी कितीही लपवलं तरी. हसतील. हसू देत, मीही आयुष्यभर लोकांना हसले आहे.

भीती त्याची नाही.

त्या दिवशी ओरडून झाल्यावर मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. साडी उचलली, वळले, चालू लागले. घरी आल्यावर हे नेहमीसारखे जेवले, वरण छान झालंय म्हणाले. मधल्या वेळात तोंडावर काय होतं, कोण जाणे. कॅमेरा चालू होता.

साडी काल पुन्हा खळीत घातली. नेसून बसले आहे. सव्वातीन. मास्तरांची रिक्षा खाली उभी आहे, दोनदा हॉर्न दिला.