आत्याची काठी

आत्या,

हे पत्र काही मी टाकणार नाही, पण लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

शर्यतीत पाय मोडला तेव्हा तू धावत आलीस. दोन आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "हाड पक्कं जुळलंय, खुशाल पळा." तुला सांगितलं, अजून जपायचंय. काय करू, हातात येणारं आयतं ताट आणि तुझी बडबड सोडवेना. तू भाजीला गेलीस की मी गच्चीवर पळायचो आणि जिन्यात तुझी काठी वाजली की लंगडायचो. काल तर चुकून चांगल्याच पायाने लंगडलो. तू म्हणालीस, "बघ, त्याही पायावर ताण आला!"

आज निघताना ती काठी तू माझ्या पलंगाला टेकवलीस. "राहू दे. माझ्या गुडघ्यांचं रडगाणं नेहमीचंच." मी नुसतंच "नको गं" म्हणालो.

खिडकीतून पाहिलं तर तू भिंतीला धरून, थांबत थांबत स्टॉपकडे चालली होतीस. काठी घेऊन धावलो असतो तर कोपरा यायच्या आत तुला गाठलं असतं.

पण मग तू मला धावताना पाहिलं असतंस. म्हणून पडद्याआड उभा राहिलो, दोन्ही पायांवर.

तुझा धडधाकट भाचा