गुरुवारी म्हणायचं वाक्य

मगदला, इय्यार महिन्याची एकवीस तारीख

नेताय भाऊजींना तबिताकडून शांती असो.

तुम्ही सिदोनला खुशाल असाल. इकडे सासूबाईंचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. तळ्यात यंदा मासळी अमाप. मीठ लावून लावून माझे हात सोलवटलेत. पहिल्या फळांचा सण पंधरा दिवसांवर आला. मंदिरात न्यायचं म्हणून सासूबाईंनी पहिल्या अंजिराला यंदाही गवताची खूण बांधायला लावली. मी म्हटलं, "आई, मंदिर जळून गेलं, पहिली फळं नेणार कुठे?" तर म्हणाल्या, "रोमी लोकांनी मंदिर जाळलं, अंजीर नाही जाळलं. तू मुकाट्याने गाठ मार."

तुमचं पत्र पंचांनी वाचून दाखवलं. सणानंतरच्या गुरुवारी तुम्ही येणार आणि मला मोकळं करणार, हे ऐकून गावाचा जीव भांड्यात पडला. तुमचे दादा रोमी फौजेशी तळ्यात झालेल्या लढाईत गेले हे त्यांच्याच होडीवरच्या मलूखने सांगितलं, तेही गुलामगिरीतून सुटून आल्यावर. तोवर चार वर्षं मी ना कुणाची बायको, ना विधवा. आता विधवा ठरले, पण मूलबाळ नाही, म्हणून आपल्या धर्माच्या नियमाने दिराशी बांधलेली. एक तर तुम्ही मला घरात घ्यायचं, नाहीतर पंचांपुढे मी तुमची वहाण सोडून मोकळं व्हायचं.

सासूबाई माझी तालीम घेतात. उजव्या पायातली वहाण सोडायची, तुमच्यासमोर जमिनीवर थुंकायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "माझा दीर मला घ्यायला तयार नाही." परवा माझ्या तोंडून थुंकी निघेना. म्हणाल्या, "मासळीपाशी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो, आणि आत्ताच बरा घसा कोरडा पडला!" मी हसले. गाठ सोडता येते, थुंकणंही जमेल. ते वाक्य मात्र अर्ध्यावर अडतं.

तुम्ही गाव सोडलंत ती संध्याकाळ मी कधी कुणाशी बोलले नाही. तुम्ही म्हणत होतात, "दादा, वेशीचे दरवाजे उघडा. मासे पकडायच्या होड्या घेऊन फौजेशी कोण लढतं?" आणि हे ओरडले, "चार शब्द ग्रीक काय शिकलास, शेपूटही हलवायला शिकलास! चालता हो!" तुम्ही उंबऱ्याबाहेरून माझ्याकडे पाहिलंत. तुमचं खरं होतं, मला कळत होतं. तरी दार मी लावलं, तुमच्या तोंडावर. सासूबाई अजून अभिमानाने सांगतात की सुनेने नवऱ्याची बाजू घेतली.

भाऊजी, मी कुणाचीच बाजू घेतली नव्हती. ते दार आणखी थोडा वेळ उघडं राहिलं असतं, तर मी तुमच्यामागून चालू लागले असते. म्हणून लावलं.

तुमचे दादा वाईट नव्हते. हट्टी होते, पण माझ्यावर कधी हात उगारला नाही, आणि मूल नाही म्हणून कधी टोमणाही मारला नाही. त्यांच्यासाठी मी मनापासून रडले. पण सिदोनच्या वाटेने उंट आला की काम टाकून बघायची खोड मला ते असतानाही लागली होती. ती अजून आहे.

पंचांच्या लेखनिकाला हे सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मीच लिहिलंय, अक्षर असं वेडंवाकडं. खारवलेल्या मासळीची पिंपं घेऊन मलूख तिकडे येतोय, त्याच्याकडे देते. त्याला वाचता येत नाही.

तिकडे तुमचं कुणी असेल, तर या, मी वहाण सोडेन आणि वाक्यही म्हणेन, तुमच्यावर राग न ठेवता. पण दादाच्या बायकोवर याचा डोळा होता असं गाव म्हणेल, एवढ्याच भीतीने मला मोकळं करत असाल, तर तसं करू नका. गाव चार दिवस बोलेल. मी चार वर्षं गप्प बसलेय.

पंच आधी तुम्हालाच विचारतील, हिला घेतोस का? त्या वेळी माझ्याकडे बघून उत्तर द्या. दार लावणारी मी आता नाही.

मोकळं व्हायची इच्छा नसलेली,
तबिता