वळणाखालच्या पिशव्या

लोणावळा,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय शाहबाज,

सलाम. कामशेतला तुम्ही सगळे बरे असाल. इकडे आम्ही ठीक. थंडीमुळे अम्मीचा गुडघा ठणकतो, पण खाणंपिणं नीट आहे. नूर नव्या शाळेत रमली. दिवाळीची गर्दी ओसरल्यामुळे उमर चिक्कीच्या दुकानातून वेळेवर घरी येतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी त्याच्याच हाती पाठवतेय.

गल्लीचं विचारशील, तर सुका कचरा वेगळा करून तुझ्या टेम्पोतून पाठवायचं काम बिनसलंय. काल सकाळी शालूबाईंनी माझ्यासमोर भाजीची देठं, अंड्याची टरफलं, दुधाच्या पिशव्या, सगळं एकाच बादलीत ओतलं. म्हणाल्या, "आता वेगळं कशाला करू?" ज्यांना ओला-सुका समजावताना माझा घसा बसला होता, ज्या नंतर आपणहून दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालू लागल्या, त्याच या शालूबाई.

मला इतकी चीड आलीय की अक्षर वाकडं येतंय. शालूबाईंची नाही.

शुक्रवारी नंदाबाईंच्या भाचीकडे बारशाला पवनानगरला निघालो होतो. खिंडीनंतरच्या वळणावर जीप पंक्चर झाली. आम्ही बाया उतरलो. नंदाबाई कठड्यापाशी गेल्या आणि तिथूनच हाक मारली, "सुमय्या, हितं ये गं."

खाली ओढ्याकाठी आमच्या गल्लीतल्या पिशव्या पडल्या होत्या. जुन्या साड्यांच्या, आम्ही शिवलेल्या. एकीवर नंदाबाईंच्या हिरव्या साडीचा काठ लांबूनही ओळखू येत होता. फाटून आतलं सगळं बाहेर आलेलं. धुऊन, वाळवून, घड्या घालून तुझ्या टेम्पोत दिलेल्या दुधाच्या पिशव्या पाण्यात तरंगत होत्या.

नंदाबाई म्हणाल्या, "टेम्पोतनं पडल्या आसतील. आपन गल्लीत काय बोलायचं न्हाई." तू माझा भाऊ, म्हणून त्या झाकत होत्या. ते मला जास्त लागलं.

तिथूनच तुला फोन केला. तू म्हणालास, "आपा, ती वेफर्सची पाकिटं कोणीच घेत नाही. भंगारवाला बाटल्या, पुठ्ठा ठेवून घेतो, बाकीचं परत टेम्पोत टाकतो. मी ते कुठे नेऊ?" आणि फोन ठेवलास.

अरे, मग हेच आधी सांगायचं होतंस! वेफर्सची पाकिटं कोणी घेत नाही हे कळलं असतं, तर आम्ही ती आणणं कमी केलं असतं, निदान दुसरी काही सोय शोधली असती. तू मात्र दर खेपेला हसत सांगायचास, "पुण्याला पोचलं, आपा. तिकडे प्लॅस्टिक वितळवून त्याचे दाणे करतात." आणि मी ते घरोघर जाऊन सांगत होते. बाया माझ्या शब्दावर पिशव्या धूत बसल्या, शाहबाज.

नंदाबाईंचं मी ऐकलं नाही. शनिवारी सगळ्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं, तुझ्या नावासकट. कोणी ओरडलं नाही. एकेक जण उठून गेली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल दुपारी उमर, नंदाबाई आणि मी त्या वळणावर जाऊन हाताला लागल्या तेवढ्या पिशव्या वर काढल्या. आज भंगारवाल्याकडे मीच गेले आणि काय चालतं, काय नाही, ते विचारून आले. नंदाबाईंचं आणि आणखी दोन-तीन घरांचं वेगळं करणं चालू आहे. बाकीच्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

ओढ्यात अजून बरंच पडलंय. उतार घसरडा आहे, दोराशिवाय जमणार नाही.

अम्मीला यातलं काही माहीत नाही. शाहबाज कधी येणार, एवढंच ती विचारत असते. ये. पण आधी घरी नको. टेम्पो आणि दोर घेऊन वळणावर ये, मी तुझ्याबरोबर खाली उतरेन. मग गल्लीत चल आणि फोनवर मला सांगितलंस ते बायांसमोर उभं राहून सांग. तिथे मात्र मी तुझ्या वतीने एक शब्दही बोलणार नाही.

तुझीच, पण या वेळी तुझी बाजू न घेणारी बहीण,
सुमय्या