सोडून दिलेलं वटवाघूळ

माउंट होप, ओहायो
८ जुलै

ती. एमॅन्युएलदादास,
लव्हिनाचा सा. न. वि. वि.

गवत कापणीला आलंय. सोमवारी सकाळी जाग आली तर वटवाघूळ रूथच्या पाळण्याला लटकलेलं. मी किंचाळले. तुझ्या मेहुण्यांनी, मेनोंनी, ते नुसत्या हातांनी उचलून खिडकीतून सोडलं आणि मलाच दटावलं, की देवाचा जीव आहे, घाबरवू नकोस. त्यांना आणि रूथला, दोघांनाही साधा ओरखडा नाही. तू उपदेशक, दयेवर तास तास बोलतोस. आता या दयावंतांचंही नाव घे.

तुझी लाडकी,
लव्हिना

शिपशेवाना, इंडियाना
१२ जुलै

चि. लव्हिनास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या पंथात घरी फोन नाही की मोटार नाही, म्हणून आजच वस्तीच्या फोनच्या खोपटात जाऊन तुमच्या शेजारच्या ड्रायव्हरला निरोप दिलाय. मेनोला आणि रूथला त्याच्या गाडीतून दवाखान्यात ने. वटवाघळाचे दात इतके बारीक, की खूण दिसत नाही. ते हाती असतं तर तपासता आलं असतं.

वटवाघळाच्या चाव्यातून येणारा रेबीज आठवडे, कधी महिने गप्प बसतो. मग चावलेल्या जागी मुंग्या, ताप, गिळता न येणं. आमचा शेजारी योनी पाण्याचा पेला पाहूनही थरथरायचा, तसाच तो वारला. लक्षणं दिसल्यावर वाचलेली माणसं साऱ्या जगात बोटांवर मोजावीत इतकी. त्याआधी इंजेक्शनं घेतली तर जवळजवळ सगळे वाचतात. योनीला कोल्हा चावला, तेव्हा श्रद्धा ठेव, थांब, असं सांगणारा मीच होतो. ती श्रद्धा नव्हती, लव्हिना. माझा आळस होता, आणि किंमत त्यानं मोजली.

तुमच्यासाठी हात जोडून बसलेला,
दादा

माउंट होप
३० जुलै

ती. दादास सा. न.

ड्रायव्हर आला, तेव्हा मेनोंनी त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. गवत वाळत पडलं होतं. पंधरा तारखेला तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. योनीच्या ओळीपर्यंत आले तसं मेनोंनी पत्र हातातून घेतलं, पुढचं स्वतः वाचलं आणि रूथला उचलून गाडी बोलवायला निघाले. गवत पावसात भिजलं. काल दोघांचं चौथं आणि शेवटचं इंजेक्शन झालं. रूथनं नर्सची टोपी ओढली.

एकच विचारते. तू मला लिहिलंस ते योनीच्या बायकोला कधी सांगितलंस का? मेनो म्हणाले, "दादाला लिही, तिच्याकडे एकट्यानं जाऊ नकोस. मी बरोबर येतो." शनिवारी ते तुझ्याकडे यायला निघताहेत.

तुझ्यावर रागावलेली नाही, अशी तुझी,
लव्हिना