उमाची राहिलेली पोत

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

मी, सौ. मनोरमा शरदचंद्र कर्णिक, वय वर्षे सत्तेचाळीस, शिक्षण मॅट्रिक, घरकाम करून मण्यांच्या वस्तू करून देणारी, राहणार बदलापूर गाव, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही आणि हा कागद माझ्याच हातचा आहे. येत्या गुरुवारी मुंबईच्या इस्पितळात माझ्या पोटातील गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, भिऊ नका. मी भीत नाही, पण एक गोष्ट माझ्याबरोबर जळून जाऊ नये.

कलम १. राहते घर यांचे आहे, त्यावर माझा शब्द नाही. देव्हारा मात्र पूर्वेसच राहावा आणि त्यावरचे मण्यांचे झुंबर साबणाने धुऊ नये, दोरा कुजतो.

कलम २. पोस्टातील माझ्या नावची शिल्लक माझा मुलगा चि. गुरुदत्त याच्या कॉलेजसाठी आहे. त्यातून प्रथम एकवीरेची ओटी भरावी. मी नवस बोलले होते, तो राहिला आहे.

कलम ३. विणायची लाकडी चौकट, सुया, मेणाचा गोळा आणि मणी चाळायच्या दोन पितळी चाळण्या नवसीला द्याव्या. ती शिरगावपलीकडच्या पाड्यावरून लाकडाची मोळी घेऊन येते आणि घटकाभर बसून माझे मणी निवडून देते. भोक बुजलेला मणी तिला बोटालाच कळतो. "बाय, ह्यो आंधला हाय, सुय नाय जायाची," म्हणून बाजूला टाकते. मी चष्मा लावून पाहीपर्यंत तिचे दहा होतात.

कलम ४. अर्धवट ऑर्डरी. पोपटाच्या तोरणाच्या बाईंनी पोपट आधी हिरवा, मग निळा, मग पुन्हा हिरवा सांगितला आहे. मी तीनदा उसवले. आता चौथ्यांदा उसवू नये, आहे तसे द्यावे. ज्यांनी घरचे मणी आणून दिले त्यांचे पुडे नावानिशी डब्यात आहेत. एकीचे मणी दुसरीच्या कामात घालू नयेत. हे मी कोणत्या तोंडाने लिहिते आहे ते पुढे कळेल.

कलम ५. निर्वासितांच्या कॅम्प ४ मधील सिंधी मणीवाले लोकूमल शेठ यांनी जुन्या लॉटचे म्हणून नवे मणी मला अनेकदा बांधून दिले. तक्रार केली की त्यांच्या भाषेत ताई म्हणून हाक मारून म्हणत, "अदी, वही माल है. पहननेवाली गिनने बैठती है क्या?" त्यांचा मला फार राग होता. तो मी सोडत आहे. त्यांच्यापेक्षा वाईट मी केले आहे.

कलम ६. शेजारची उमा दिघे हिने सन १९५३च्या डिसेंबरात आपली काळी पोत तुटायला आली म्हणून मजकडे गाठवायला दिली. सोन्याच्या वाट्या काढून घरी ठेवल्या आणि गळा मोकळा नको म्हणून रीतीप्रमाणे दोऱ्यात हळकुंड बांधले. मी म्हटले, मंगळवारी देते. दोन तासांचे काम. पण त्याच वेळी अंबरनाथच्या एका कारखान्यातील साहेबांच्या घरून त्यांच्या मुलीच्या, कुंदाच्या, लग्नाची मोठी ऑर्डर आली होती. उमा विचारी, "वहिनी, झाली का हो? हळकुंड टोचतंय." मी म्हणे, "अगं, घरचीच तू, थांब की जरा." तीन मंगळवार गेले. चौथ्या आठवड्यात कामावरून येताना तिच्या यजमानांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. उमाच्या गळ्यातून काढायला हळकुंडच होते.

तेराव्याला तिच्या सासूबाई बायकांदेखत म्हणाल्या, "महिना महिना गळ्यात पोत नाही, दुसरं काय व्हायचं." मी तिथेच बसले होते. उशीर माझा होता, हे एक वाक्य मला बोलता आले नाही.

पुढे कुंदाच्या मंगळसूत्राला ऐन वेळी सत्तावीस मणी कमी पडले. लोकूमलकडे तो लॉट संपला होता. उमाचे मणी त्याच लॉटचे होते, डब्यात पडून होते. वेळेवर ऑर्डर देणारी बाई म्हणून माझे नाव होते. मी देवापुढे दिवा लावला आणि तिच्या पुड्यातले सत्तावीस मोजून ओवले. नव्या नवरीच्या गळ्यात कोणाचे मणी गेले, हे कुणालाही कळले नाही.

वर्षाने उमा मागच्या दाराने आली. "वहिनी, पोत आहे का हो? घालायची नाही. एकदा हातात धरीन." मी म्हटले, नदीत सोडली. ती म्हणाली, "बरं केलंत." आणि गेली.

उरलेले मणी पांढऱ्या फडक्यात, देव्हाऱ्याच्या खणात आहेत. ते मी उमाला मृत्युपत्राने देत नाही, कारण ते माझे नाहीत. ते तिला परत करावेत.

कलम ७. कुंदाला हे सर्व सांगून तिच्या मंगळसूत्रात नवे मणी माझ्या खर्चाने घालून द्यावेत.

पुरवणी. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते. तरी मी उमाला वाचायला लावले. सहावे कलम तिने दोनदा वाचले. मग म्हणाली, "वहिनी, त्या मुलीला नका सांगू. ती काढून ठेवील. सत्तावीस तरी कुणाच्या गळ्यात आहेत." तिच्या सांगण्यावरून कलम सातवे खोडले असून खोडल्या जागी माझी सही आहे. गुरुदत्त, तूही बोलू नकोस.

फडके मी तिच्या हातात दिले. तिने सोडून पाहिले, पुन्हा बांधले. मग साक्षीच्या सहीसाठी टाक मागितला. उशिराचे विचारायचे माझे राहूनच गेले.

ठिकाण : बदलापूर
तारीख : १० नोव्हेंबर १९५७, रविवार

सही : मनोरमा शरदचंद्र कर्णिक

आम्हा दोघांसमक्ष सही केली :
१. कोंडाजी वाळू भोईर, टपालवाले
२. उमा दिघे