आधी शेवटची हरकत

बाबा, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि मी अजून तोच खेळ खेळते. दर रविवारी दुपारी इथे जबलपुरात राइट टाउनच्या माझ्या घरी काही मुलंमुली येतात, बहुतेक माझ्या निम्म्या वयाची. दादा जे करायचा ते आता मी करते. गुहा, जंगल, राक्षस हे सगळं मी सांगायचं, प्रत्येकाने आपापल्या पात्राचं काय ते बोलायचं, आणि लढाई लागली की आकडा टाकून निकाल लावायचा. काल मी फासा मुठीत धरून टाकणार होते, तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. ती कोणाशी फारशी बोलत नाही. मी मूठ तशीच ठेवली. तिला शब्द जुळवायला वेळ लागला, एकाने मोबाइल काढला, एकाने खुर्ची मागे ओढली, तरी मी थांबले. शेवटी ती म्हणाली, "मी अडवते." तिचं अडवणं आधी मिटवलं, मग राक्षसाचा वार. नवीनच यायला लागलेल्या एका मुलाने विचारलं, "दीदी, ये वाला रूल किस किताब में है?" मी म्हटलं, किताब में नहीं, हमारे घर का है. एवढंच बोलले. चार माणसं जमली की माझं बोलणं अजून तेवढंच असतं. पण सकाळपासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या बाहेरच्या खोलीत दादाने हा खेळ आणला, तो नागपूरच्या कॉलेजातून सुटीत आला तेव्हा. जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स, कडा काळ्या पडलेली. वीस बाजूंचा फासा जबलपुरात कुठे मिळणार? आपण तंबोल्यातले एक ते वीस आकडे आईने शिवलेल्या पिशवीत टाकले. तुम्ही कारखान्यातून आलात, सायकल लावलीत आणि दारातच म्हणालात, "अभ्यास सोडून हे काय करून राहिले तुम्ही?" दादा घाबरत घाबरत समजावतो, तुम्ही उभ्यानेच ऐकता, आणि मग चपला काढून सतरंजीवर बसता. "मलेबी एक माणूस दे." तुम्ही म्हातारा वैद्य घेतलात. तो खोकायचा, पैसे न घेता औषध द्यायचा आणि डाकूंनाही अहो-जाहो करायचा. दर सुटीत तो वैद्य तुमच्याबरोबर बसायचा. आई म्हणायची, घरात एक सासरा वाढला.

भांडण व्हायचं ते मध्येच घुसण्यावरून. एरवी प्रत्येकाची पाळी असते, पण काही डाव दुसऱ्याच्या पाळीत खेळता येतात. दादाच्या मित्राच्या तिरंदाजाने बाण सोडला. डाकूने तेवढ्यात खांबामागे उडी घेतली. आणि उडी पुरी व्हायच्या आत तुमच्या वैद्याने त्याच्या डोळ्यांत भुकटी फेकली. आता आधी काय झालं? दादा पानं उलटतोय, मित्र ओरडतोय, "मेरा बाण पहले छूटा है!" तुम्ही हात वर करून दोघांना गप्प केलंत. विहाराच्या समितीचे अध्यक्ष तुम्ही, जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता ठरवताना तुमच्यासमोर अर्धी वस्ती एकमेकांवर उठायची. तुम्ही म्हणालात, "सभेत एक जण बोलून राहिला. दुसऱ्यानं हरकत घेतली. त्या हरकतीवर तिसऱ्यानं हरकत घेतली. पहिले कोणाचं मिटवता?"

"पहले वाले का, अंकल जी."

"काहून? जो शेवटी उठला त्याचं पहिले. मंग त्याच्या आधीच्याचं. मंग मूळ बोलणाऱ्याले विचारा, का बाप्पा, तुझं काही उरलं का?"

म्हणजे आधी भुकटी. डाकू आंधळा झाला, उडी फसली, बाण लागला. दादा हसायला लागला. "म्हणजे राक्षसालाही हात वर करायला लावता का, बाबा?"

"लावीन. सभासद असला तर."

मी तेव्हा शाळेत होते. माझी मांत्रिक होती आणि तिच्याकडे एक अदृश्य ढाल, लढाईत एकदाच वापरायची, कोणाच्याही पाळीत, कोणालाही वाचवायला. एके दिवशी तिरंदाज जखमी होऊन पडला होता आणि वैद्य राक्षसाच्या अगदी जवळून त्याच्याकडे निघाला. राक्षसाने गदा उचलली. दादाने पिशवीत हात घातला. मी हात वर केला आणि थांबले. विहारातल्या सभेत तुम्हीच शिकवलं होतं, हात वर करायचा, अध्यक्षांनी बोलावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी बोलावण्याची वाट पाहत होते. दादा पिशवीत पाहत होता. आकडा निघाला एकोणीस. वैद्य मेला.

"अरे, इसका हाथ तो ऊपर है," मित्र म्हणाला.

"मग बोलायचं होतं न," दादा म्हणाला. "नंबर निघाला आता. इथे हात नाही चालत, तोंड लागते."

"उल्टा कर दे यार, अंकल मर रहे हैं!"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. सगळ्यांना वाटलं, तुम्ही ढाल मागणार. मलाही तेच हवं होतं. मी कधी कोणाला मध्ये थांबवलं नव्हतं, आणि पहिल्यांदा थांबवलं ते तुमच्यासाठी. ते मोजलं जाणार की नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हात अजून वरच होता.

"अच्छा," तुम्ही म्हणालात. "मी मेलो, हे मान्य. पहिले ते लिहून टाक."

"पण बाबा..."

"ज्याचा फायदा आहे त्यानं त्या ठरावावर बोलू नाही. मी मेलो, म्हणजे माझा फायदा संपला. आता बोलतो." आणि तुम्ही दादाकडे वळलात. "हात वर होता. पोरीनं नियम पाळला. अध्यक्षानं पाहिलं नाही, ती अध्यक्षाची चूक. आजपासून पिशवीत हात घालायच्या आधी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहाचं. हात दिसला का थांबाचं. तो बोलेपर्यंत थांबाचं."

"ती तर अर्धा घंटा लावते बोलायला!"

"मग अर्धा घंटा थांब. राक्षसाले कुठं गाडी पकडाची आहे?"

मेलेल्या माणसाला खेळात काम नसतं म्हणून तुम्ही चहा ठेवायला उठलात.

पुढे कचेरीत मी कितीतरी बैठकांना बसले. जे आधीच बोलत असतात त्यांचेच हात अध्यक्षांना दिसतात, हे पाहिलं. मला तुमचा अभिमान वाटतो तो नियम केलात म्हणून नाही. नियम कोणीही करतो. तो वैद्य तुम्हाला किती प्रिय होता ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो आधी जाऊ देऊन मगच तुम्ही माझी बाजू घेतलीत, म्हणजे बापाने मुलीसाठी नियम वाकवला असं कोणाला म्हणता येऊ नये. दादाने त्यानंतर कधी न पाहता आकडा काढला नाही. तो आता दूर असतो, पण फोनवर अजून चिडवतो, बोल बाई, थांबलो आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुम्ही चहा ठेवत होतात तेव्हा मी मोरीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी होते. तुम्ही मागून येऊन डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "अवं, खेळ आहे न." आई पुढे कित्येक वर्षं सांगायची, पोरगी वैद्यासाठी रडत होती. मी रडत नव्हते, बाबा. मला हसू आवरत नव्हतं. तुमचा माणूस मेला होता आणि माझा हात मोजला गेला म्हणून मला इतका आनंद झाला होता, की तो तुम्हाला दाखवायची लाज वाटली.