विणकराच्या घराचं वरचं दार

सेथदादा,

सगळा दोष या घराचा आहे, माझा नाही, हे आधी लिहून ठेवते. जुन्या विणकरांनी घर बांधलं ते मागासाठी. माणूस काय, राहील कुठेतरी कोपऱ्यात! मागाला उजेड हवा म्हणून वरच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्याच खिडक्या. आणि माणसाला चढायला? गोगलगाईच्या पाठीसारखा वळत गेलेला दगडी जिना. मी त्यात शिरले की मागून उजेडसुद्धा वर येत नाही.

असो. तू बरा आहेस ना? गुडघा काय म्हणतो? कबुतरं शर्यतीतून घरी परततात, की मालकासारखी रुसून बसतात? इकडे नॉर्मन ठीक आहे. नवऱ्याला जेवढं ठीक राहता येतं तेवढा.

तर ऐक. माग जाऊन तिथे आमचा पलंग आला, पण खिडक्या तेवढ्याच राहिल्या. मी झोपायचा गाऊन घातला की अख्ख्या खोऱ्याला दिसतो. (समोरच्या सटक्लिफबाई म्हणाल्या, "अगं, निळा तुला शोभत नाही.") म्हणून चादरी जोडून पडदा शिवला, खुर्चीवर चढले, आणि पडद्यासकट खाली आले. पाय मोडला. डॉक्टरांनी वरच येऊन मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं. आता पाय वाकत नाही आणि जिना सरळ होत नाही. जॅनिसचं लग्न पुढच्या शनिवारी. खिडकीतून चॅपलचं दार दिसतं. पोटच्या पोरीचं लग्न आई वरून बघणार, कौलावरच्या कबुतरासारखं!

आता त्या दाराविषयी. वरच्या भिंतीतलं, बाहेर पायरी नाही की काही नाही, नुसती हवा. लोकरीचे गठ्ठे दोरीने वर घ्यायचे आणि कापडाचे तागे खाली सोडायचे, त्यासाठीचं. आमचा पलंग तूच तिथून चढवलास. जाताना म्हणालास, "हे दार ठेव, बये. या घरात मोठं काही आलं-गेलं ते इथूनच. आजोबांची शवपेटीसुद्धा." मी भडकले. "माझ्या अंगाकडे बघून बोलतोस? माझी पेटी मोजायला आलास?" त्यात नॉर्मनने अर्धवट झोपेत कपाट समजून तेच दार उघडलं आणि आपली पँट हवेतच टांगली; ती पडली खाली सटक्लिफबाईंच्या कोबीवर. झालं! गवंडी बोलावला, दार दगडांनी बुजवलं. गवंडी म्हणाला, "तुमचे दादा स्वतः गवंडी आहेत ना?" मी म्हटलं, "तू दगड लाव."

आता तू ये. छिन्नी-हातोडा आण, कप्पी आण, ते दगड काढ आणि मला खुर्चीत बांधून खाली सोड. दोर जाड आण. किती जाड ते विचारू नकोस. पलंगाचा होता त्यापेक्षा जाड. गाव बघायला जमेल, जमू दे. मी टोपी घालूनच उतरणार.

तुझी बहीण,
हिल्डा

ता. क. लग्नाची पत्रिका तुला मिळाली नसेल. टपालखात्याला शिव्या देऊ नकोस. मी टाकलीच नव्हती. सोबत जोडली आहे. तिच्यावर चहाचा डाग आहे, तो नॉर्मनचा.

ता. क. २. नर्स येऊन गेली. ती म्हणाली, "बाई, बसून उतरा की!" तशी उतरले, एकेक पायरी, बुडावर. वरचं पत्र वर लिहिलं, हे एवढं खाली स्वयंपाकघरात बसून लिहितेय. म्हणजे दार फोडायची घाई नाही, लग्नानंतर निवांत फोड. पण तू ये. जॅनिस रोज विचारते, "मामा येणार ना?" आणि मी रोज तिला सांगते, "जाड दोर शोधतोय, मिळाला की येईल."

बुधवारपर्यंत उत्तर पाहिजे. नाही आलं तर खिडक्याही बुजवते.